प्रस्तावना : ताज्या अंगाने, पूर्ण वेगाने

बेसबॉलमध्ये बॅट फलंदाजाच्या हातात असते, पण वेळ पिचरच्या हातात असतो. पिचरच्या पायाखालच्या पट्टीपासून होम प्लेटपर्यंतचे अंतर ६० फूट ६ इंच, म्हणजे १८.४४ मीटर. चेंडू हातातून सुटेपर्यंत पिचर स्वतःच दीड-पावणेदोन मीटर पुढे आलेला असतो. ताशी १४५ किलोमीटर वेगाने टाकलेला चेंडू तिथून साधारण ०.४ सेकंदात प्लेटवर येतो. त्यातला सुमारे ०.१५ सेकंद बॅट फिरवण्यातच जातो. उरलेल्या पाव सेकंदात चेंडू ओळखायचा, तो कुठे पडणार हे ताडायचे आणि मारायचा की सोडायचा ते ठरवायचे. या पुस्तिकेचा विषय आहे बॅट फिरवण्यात जाणारा तो ०.१५ सेकंद. तो कमी कसा करायचा, आणि त्याच वेळी बॅटच्या टोकाचा वेग कसा वाढवायचा, याचे व्यायाम पुढच्या प्रकरणांत दिले आहेत. ते व्यायाम तसेच का निवडले, हे या प्रस्तावनेत सांगायचे आहे.

ही पुस्तिका पद्मनाभपुरात लिहिली गेली. दुर्ग-भिलाई या जोडशहरातली ही वसाहत. नागपूरहून हावड्याकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटरवर दुर्ग स्टेशन लागते. हा मुलूख अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली आला, तेव्हापासून मराठी घरे इथे आहेत. पुढे सोव्हिएत संघाशी १९५५ साली झालेल्या करारातून भिलाई पोलाद कारखाना उभा राहिला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले आणि विदर्भातून आणखी कुटुंबे नोकरीसाठी आली. या घरांतली मुले मैदानावर हिंदी आणि छत्तीसगढी बोलतात, घरी आल्यावर आईबाबांशी मराठी. सराव मैदानावर होत असला तरी मुलाच्या झोपेची, जेवणाची आणि दुखण्याची काळजी घरातच घेतली जाते. ती घेणाऱ्यांना सरावामागचे कारण कळावे म्हणून पुस्तिका मराठीत आहे. नागपूर, अमरावती, जळगाव, पुणे इथल्या सॉफ्टबॉल-बेसबॉलच्या शिक्षकांनाही ती उपयोगी पडेल अशी आशा आहे.

आपल्याकडे बेसबॉल खेळायला येणारी बहुतेक मुले क्रिकेट किंवा सॉफ्टबॉल खेळून आलेली असतात. क्रिकेटचा हात घेऊन आलेल्या मुलाची नजर तयार असते, चेंडूची भीती गेलेली असते. पण सरळ बॅटने चेंडू खेळताना खांदे आणि कोपर एका उभ्या रेषेत काम करतात, तर बेसबॉलमध्ये सगळे शरीर उभ्या आसाभोवती गोल फिरते. क्रिकेटमध्ये नुसता अडवलेला चेंडूही फलंदाजाला तारून नेतो. बेसबॉलमध्ये रेषांच्या आत मारलेल्या चेंडूवर धावावेच लागते, आणि हळू मारलेला चेंडू क्षेत्ररक्षक उचलून पहिल्या बेसवर फेकतो की खेळ संपला. म्हणून बॅटचा वेग ही इथे केवळ मोठे फटके मारणाऱ्यांची हौस नाही. संघातल्या नवव्या क्रमांकाच्या फलंदाजालाही त्याची तितकीच गरज आहे.

वेगाचे दोन फायदे आहेत. पहिला सगळ्यांना दिसतो, तो म्हणजे चेंडू जोरात जातो. त्याचा हिशेब सोपा आहे. बेसबॉलच्या भौतिकशास्त्रावर काम केलेल्या ॲलन नेथन यांच्यासारख्या अभ्यासकांनी तो असा मांडला आहे : चांगल्या जागी बसलेल्या फटक्यात, बॅटवरून सुटणाऱ्या चेंडूच्या वेगात येणाऱ्या चेंडूच्या वेगाचा साधारण पाचवा हिस्सा असतो आणि बॅटच्या वेगाची साधारण १.२ पट असते. समजा चेंडू ताशी १०० किलोमीटरने आला आणि बॅट ताशी ९० किलोमीटरने फिरली. मग चेंडू सुटेल २० अधिक १०८, म्हणजे ताशी १२८ किलोमीटरने. बॅट ताशी १०० ने फिरली तर १४० ने. पिचरने कितीही जोर लावला तरी फटक्यातला मोठा वाटा फलंदाजाचाच असतो, हे या आकड्यांतून मुलांच्या चटकन ध्यानात येते.

दुसरा फायदा दिसत नाही, आणि माझ्या मते तोच मोठा आहे. ज्याची बॅट लवकर पोहोचते त्याला उशिरा निघता येते. शालेय पातळीवरचा चेंडू ताशी १०० किलोमीटरने येतो असे धरले, तर तो एका सेकंदात सुमारे २८ मीटर जातो. एका मुलीची बॅट निघाल्यापासून चेंडूला लागेपर्यंत ०.२० सेकंद घेते आणि सरावाने ते ०.१७ वर आले, तर वाचलेल्या ०.०३ सेकंदात चेंडू जवळपास ८० सेंटिमीटर पुढे येतो. तेवढे अंतर तिला चेंडू जास्त पाहायला मिळतो. बाहेर वळणारा चेंडू नेमका त्याच टप्प्यात वळू लागल्याचे दिसते. लोक म्हणतात की अमुक फलंदाजाची पारख चांगली आहे. पुष्कळदा त्या पारखीच्या मागे वेगवान बॅट असते, कारण तिच्यामुळे पारख करायला वेळ मिळतो. या पुस्तिकेतला प्रत्येक व्यायाम या दोन्ही कसोट्यांवर पारखून घेतला आहे : टोकाचा वेग वाढतो का, आणि बॅट पोहोचायला लागणारा वेळ घटतो का. बॅट खूप मागे नेऊन लांबचा फेरा घेतला तर टोकाचा वेग वाढेलही, पण वेळ हातचा जाईल. अशा वेगाचा सामन्यात उपयोग नाही.

हा वेग येतो कुठून? नवीन मुलाला विचारले तर तो दंडाला हात लावून दाखवतो. प्रत्यक्षात वेगाची सुरुवात जमिनीवर होते. रानात पाखरे हाकणाऱ्याच्या गोफणीकडे पाहावे. खांदा फिरतो, मग हात, मग दोरी, आणि हात जागच्या जागी थांबला की दगड सुसाट निघतो. बॅटचेही तसेच आहे. पाऊल टेकते, मांडी रोखून धरते, कंबर वळते, कंबर मंदावू लागली की खांदे वेग घेतात, खांद्यांकडून तो दंडांकडे आणि मनगटांतून बॅटच्या टोकाकडे जातो. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या वेल्च आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात व्यावसायिक फलंदाजांची ही साखळी मोजली गेली. पुढचा पाय टेकताना त्यावर शरीराच्या वजनाच्या १२३ टक्के इतका जोर पडत होता. कंबर सेकंदाला ७१४ अंश या वेगापर्यंत पोहोचत होती, त्यानंतर खांदे ९३७ अंशांपर्यंत, आणि बॅट सेकंदाला ३१ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ११० किलोमीटर वेगाने चेंडूकडे जात होती. प्रत्येक दुवा आधीच्या दुव्यापेक्षा वेगवान असतो आणि थोडा उशिरा सुटतो. कंबर आणि खांदे एकदमच वळले तर ताकद असूनही वेग येत नाही. म्हणून पुस्तिकेच्या पहिल्या भागात बॅट हातात घेण्याआधी पावले, कंबर आणि खांदे यांचा क्रम बसवणारे व्यायाम आहेत. ते कंटाळवाणे वाटतात. शिक्षकांना विनंती अशी की त्यांना फाटा देऊ नये.

आता वजनाविषयी. या बाबतीत आमच्याकडे, आणि इतरत्रही, फार मोठा गैरसमज आहे. लोखंडाच्या गावात लोखंडाची कांब सहज मिळते. मैदानावर येणाऱ्या मुलांपैकी कोणीतरी ती घेऊन येतो आणि शंभर-दोनशे वेळा फिरवतो. जड वस्तू फिरवल्यावर बॅट हलकी वाटेल आणि जोरात फिरेल, असा त्यामागचा विचार असतो. अमेरिकेतही हाच विचार रूढ होता. न्यूयॉर्क यांकीजकडून खेळलेला कॅचर एल्स्टन हॉवर्ड याच्या नावाशी जोडलेले जड कडे, ज्याला तिकडे डोनट म्हणतात, १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून मैदानोमैदानी पसरले. पाळी येण्याआधी ते बॅटवर चढवायचे, चार फेरे घ्यायचे, कडे काढून आत जायचे. हवाई विद्यापीठातले कूप डिरेन यांनी हे मोजून पाहिले, तेव्हा उलटेच दिसले. जड कडे लावून हात मोकळे केल्यावर नेहमीची बॅट उलट हळू फिरत होती. सर्वांत चांगला वेग मिळत होता तो नेहमीच्या बॅटच्या वजनाच्या जवळपास असलेल्या बॅटने हात मोकळे केल्यावर. नंतर जपानमधल्या प्रयोगातही हेच आढळले : फलंदाजाला बॅट हलकी आणि वेगवान वाटते, पण यंत्र सांगते की ती मंदावली आहे. अंगाला जाणवणारा वेग आणि खरा वेग यांची इथे फारकत होते. म्हणूनच या पुस्तिकेत मोजण्याला इतके महत्त्व दिले आहे.

पण वजन बदलून केलेला सराव सरसकट टाकाऊ आहे असे मुळीच नाही. सामन्याआधीची तयारी आणि आठवड्यांचा सराव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डिरेन यांच्याच कामातून पुढे आले की नेहमीपेक्षा थोडी जड आणि थोडी हलकी अशा दोन्ही बॅटींनी काही आठवडे सराव केला, तर नेहमीच्या बॅटचा वेग वाढतो. हा फरक सुमारे १२ टक्क्यांच्या आत ठेवायचा. ८५० ग्रॅमची बॅट असेल तर हलकी ७५० च्या आसपास आणि जड ९५० च्या आसपास. अलीकडे काही अमेरिकी प्रशिक्षक २० टक्क्यांपर्यंत जातात. शाळकरी मुलांसाठी मी तिथवर जाणार नाही. जड बॅट शरीराला जोर लावायला शिकवते आणि हलकी बॅट त्याच शरीराला नेहमीपेक्षा लवकर हलायला शिकवते. आमच्याकडे जड बाजूचे वेड आहे आणि हलक्या बाजूकडे दुर्लक्ष. मैदानावर दोन्हींपैकी एकच मिळणार असेल, तर हलकी घ्यावी.

वजन किती हे जितके महत्त्वाचे, तितकेच ते कुठे आहे हेही. हातांपासून १४ सेंटिमीटरवर १०० ग्रॅमची पट्टी गुंडाळली आणि तीच पट्टी ७० सेंटिमीटरवर गुंडाळली, तर तराजूवर बॅटचे वजन सारखेच भरेल. पण फिरवताना अंतराचा वर्ग मोजला जातो. अंतर पाचपट झाले की त्या पट्टीने फिरण्याला केलेला विरोध पंचवीसपट होतो. कांब फिरवणाऱ्या मुलाची बॅट पहिल्या आठवड्यातच लांब फेरा घेऊ लागते, कोपर अंगापासून सुटते आणि टोक खाली पडते, त्याचे कारण हे आहे. शरीर त्या विरोधाभोवती नवीन वाट शोधते आणि तीच वाट सामन्यात घेते. पुस्तिकेतल्या तक्त्यात बॅटला पट्टी कुठे गुंडाळायची याची मापे म्हणूनच दिली आहेत. ती अंदाजाने बदलू नयेत.

इथे आपल्या आखाड्याचा विषय निघणे अपरिहार्य आहे. मुद्गल आणि करेला फिरवणारी माणसे विदर्भातून आलेल्या अनेक घरांत होऊन गेली. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली सुरू झाले आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी त्याच्या पथकाने तिथे भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली. त्याच्या कितीतरी आधी आपले मुद्गल अमेरिकेत पोहोचले होते. हिंदुस्थानातल्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी ते विलायतेला नेले. सिम केहो या अमेरिकी माणसाने ते तिथे पाहिले आणि १८६६ साली न्यूयॉर्कमध्ये त्यावर पुस्तक काढले. पुढे पिचर म्हणून नाव कमावलेल्या अल्बर्ट स्पॉल्डिंगची खेळसाहित्याची कंपनी बेसबॉलच्या बॅटीही विकत होती आणि मुद्गलही. त्या काळी हिवाळ्यात मैदान बंद असताना बेसबॉलपटू बंदिस्त व्यायामशाळांत मुद्गल फिरवत. दोन्ही गोष्टी एकाच दुकानात मिळत होत्या, ही बाब मला फार अभिमानाची वाटते.

अभिमान आहे म्हणूनच मुद्गलाचे काम कोणते आणि कोणते नाही, हे नीट सांगायला हवे. मुद्गल पाठीमागून फिरवताना खांद्याचा सांधा पूर्ण उघडतो, पंजाची पकड टिकाऊ होते आणि पायांनी तोल सांभाळत वरचे अंग फिरवायची सवय लागते. फलंदाजाला या तिन्ही गोष्टी हव्यात. पण मुद्गल जड असतो, त्याची फेरी संथ असते आणि तो दीर्घकाळ फिरवायचा असतो. शरीर ज्या वेगाने सराव करते त्याच वेगात तरबेज होते. म्हणून पुस्तिकेत मुद्गल आहे तो खांदे तयार करण्याच्या भागात, हलक्या वजनाचा, आठवड्यातून दोनदा. वेगाच्या भागात तो नाही. आखाड्यातल्या जाणत्या वस्तादांना यात मुद्गलाचा अवमान वाटणार नाही. जोर काढायचे दिवस आणि कुस्ती लढायचे दिवस वेगळे ठेवायला त्यांनीच शिकवले आहे.

ताकदीशिवाय वेग नाही, हेही तितकेच खरे. पायांची ताकद, पाठीची ताकद आणि अंगावरचे स्नायू यांचा बॅटच्या वेगाशी संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. बैठका, वजन घेऊन केलेल्या बैठका, पुलअप, एका पायावरचे तोलाचे व्यायाम यांना पर्याय नाही. त्यात भर घालणारा व्यायाम म्हणजे मेडिसिन बॉल बाजूने वळून भिंतीवर फेकणे. डेव्हिड शिमान्स्की आणि सहकाऱ्यांनी २००७ साली अमेरिकेतल्या शालेय खेळाडूंवर केलेला १२ आठवड्यांचा अभ्यास यासाठी महत्त्वाचा आहे. दोन्ही गटांनी वजनांचा व्यायाम केला आणि बॅटही फिरवली. एका गटाने त्याखेरीज मेडिसिन बॉल फेकला. बॅटचा वेग दोन्ही गटांचा वाढला, पण चेंडू फेकणाऱ्यांचा जास्त. फेकताना हात चेंडूला सोडतो, त्यामुळे शेवटपर्यंत वेग घेता येतो. तीच चाल हातात वजन धरून केली तर शेवटी शरीर स्वतःलाच ब्रेक लावते. दोन किलोचा चेंडू शाळकरी मुलांना पुरेसा आहे, आणि तो भिंतीवर आपटल्याचा आवाज फेकागणिक मंदावू लागला की थांबायचे.

थांबण्याचा हा नियम संपूर्ण पुस्तिकेचा कणा आहे. वेगाचा सराव म्हणजे दमवणारा सराव नव्हे. आपल्या मनात घामाचा आणि प्रगतीचा संबंध इतका पक्का बसला आहे की पाच फेरे मारून मिनिटभर उभा राहणारा मुलगा शिक्षकांना आळशी वाटतो. पण दमलेले शरीर हळू फिरते आणि तो हळूपणाच पक्का करते. पाच किंवा सहा फेरे, प्रत्येक फेरा जीव तोडून, मग पाऊण ते एक मिनिट पूर्ण विश्रांती. अशा सहा-सात पाळ्या, आठवड्यातून तीन दिवस, मधला दिवस रिकामा. एका दिवसाचे पूर्ण वेगाचे फेरे चाळिशीपलीकडे न्यायचे नाहीत. उरलेला वेळ टीवरचा, म्हणजे उभ्या दांडीवर ठेवलेला, चेंडू नेमका मारण्यात, पिचरचा चेंडू ओळखण्यात आणि धावण्यात घालवता येतो. छत्तीसगडच्या मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो. त्या दिवसांत हा सराव ऊन चढण्याआधी, सकाळीच उरकायचा.

जपानमध्ये नुसती बॅट फिरवण्याच्या सरावाला सुबुरी म्हणतात आणि तिथली मुले ती रोज करतात. सदाहारू ओ हा फलंदाज योमिउरी जायंट्सकडून १९५९ ते १९८० खेळला आणि त्याने ८६८ होमरन मारले. त्याचे प्रशिक्षक हिरोशी अराकावा त्याच्याकडून जपानी तलवारीने छताला टांगलेली कागदाची पट्टी कापून घेत. लोंबणाऱ्या कागदाला मागून आधार नसतो. नुसत्या जोराने तो बाजूला सरकतो. पाते योग्य कोनात आणि पूर्ण वेगात आले तरच कापला जातो. फेऱ्यांची संख्या मोजत बसण्यापेक्षा प्रत्येक फेऱ्याला कसोटी लावणे म्हणजे काय, हे त्या पट्टीवरून समजते. तलवार आपल्याला नको. पण प्रत्येक व्यायामाला आपली कागदाची पट्टी असावी, एवढे मी त्यावरून घेतले आहे.

पुस्तिकेतला एक व्यायाम जवळून पाहू. पद्मनाभपुरच्या मिनी स्टेडियमसारख्या कोणत्याही मोकळ्या जागी तो करता येतो. बॅट उलटी धरायची, जाड टोक हातात आणि मूठ बाहेर. आता ती जवळजवळ बिनवजनाची वाटते. मुलगी स्टान्स घेते, मागच्या पायावर भार नेते, पाऊल टाकते आणि पूर्ण वेगाने फिरवते. हवेत सूं असा आवाज होतो. बाजूला उभे राहून डोळे मिटून ऐकायचे : आवाज कुठे झाला? मागच्या खांद्याजवळ झाला असेल, तर वेग लवकर खर्च झाला आणि चेंडूपर्यंत पोहोचेतो बॅट मंदावली. तो पुढच्या पायाच्या पुढे झाला पाहिजे, जिथे चेंडू भेटणार आहे. पहिल्या चार-पाच फेऱ्यांत आवाज बहुधा मागेच होतो, कारण मुलगी हातांनी ओढत असते. तिला एवढेच सांगायचे की कंबर आधी, हात नंतर. मग आवाज पुढे सरकतो आणि तीक्ष्ण होतो. तो सरकला की तिला स्वतःलाच ऐकू येतो, त्यासाठी शिक्षक लागत नाही. लगेच बॅट सुलटी करून टीवरचे तीन चेंडू मारायचे, म्हणजे हलक्या हाताने मिळालेला क्रम खऱ्या वजनाला लावता येतो.

मोजण्यासाठी महागडी साधने लागतात, ही समजूतही सोडावी. मेजर लीग बेसबॉलने २०२४ पासून प्रत्येक फलंदाजाच्या बॅटचा वेग जाहीर करायला सुरुवात केली. तिथली सरासरी ताशी ७२ मैलांच्या, म्हणजे ११५ किलोमीटरच्या आसपास आहे. ७५ मैलांपासून पुढचा फेरा वेगवान धरतात आणि जियानकार्लो स्टँटनची सरासरी ८० मैलांवर जाते. बॅटच्या मुठीला लावायचे सेन्सर आता मिळतात, पण आपल्या बहुतेक शाळांना ते परवडणार नाहीत. आजकालच्या अनेक मोबाइलवर सेकंदाला २४० चित्रे घेणारे संथगती चित्रण होते. टीवर चेंडू ठेवून बाजूने चित्रण करायचे आणि बॅट पुढे निघाल्यापासून चेंडूला लागेपर्यंतची चित्रे मोजायची. एक चित्र म्हणजे सुमारे ०.००४ सेकंद. ४८ चित्रांवरून कोणी ४१ वर आले, तर जवळपास ०.०३ सेकंद वाचला. वर सांगितलेले ८० सेंटिमीटर ते हेच. मोबाइल दर वेळी त्याच जागी, त्याच उंचीवर ठेवायचा, तीन फेऱ्यांची सरासरी घ्यायची आणि वहीत लिहायची. पुस्तिकेच्या शेवटी त्यासाठी कोरे तक्ते दिले आहेत.

काही धोके स्पष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे. बारा-तेरा वर्षांखालच्या मुलांना जड बॅट देऊ नये. त्यांच्यासाठी हलकी बॅट, उड्या, फेकणे आणि खेळ पुरेसे आहेत. वाढत्या वयात एकाच बाजूला पुनःपुन्हा जोरात वळल्याने कंबरेच्या मणक्याला बारीक तडा जाऊ शकतो. पाठ मागे वाकवल्यावर दुखत असेल, तर सराव बंद करून डॉक्टरांना दाखवायचे, शेक देऊन खेळायचे नाही. बॅटची मूठ तळहाताच्या टाचेत रुतवून धरणाऱ्यांमध्ये करंगळीच्या बाजूचे हॅमेट हाड मोडते. मूठ बोटांत धरायची सवय पहिल्या दिवसापासून लावावी. दर सरावात काही फेरे उलट्या बाजूनेही घ्यावेत. आणि बॅट फिरवणाऱ्याभोवती बॅटच्या लांबीच्या तिप्पट अंतरात कोणी उभे राहू नये, हा नियम शिक्षकांनाही लागू आहे.

सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुलींनी ही पुस्तिका आपलीच समजावी. त्यांच्या खेळात पिचिंगचे अंतर ४३ फूट, म्हणजे १३.११ मीटर असते. चेंडू मोठा असला तरी तो जवळून येतो, त्यामुळे मिळणारा वेळ बेसबॉलपेक्षा जास्त नसतो. वेगाची गरज तितकीच आहे आणि व्यायामही तेच आहेत, फक्त वजने त्यांच्या बॅटच्या प्रमाणात घ्यायची. मुलींनी वजने उचलू नयेत, असे अजूनही काही घरांत मानले जाते. मांडीची आणि पाठीची ताकद वाढल्याने गुडघ्याची दुखापत टळायला मदत होते, हे त्या घरांतल्या वडीलधाऱ्यांना कोणीतरी शांतपणे सांगायला हवे. ही प्रस्तावना त्यांच्यासाठीही आहे.

बॅटचा वेग म्हणजे फलंदाजी नव्हे, हेही सांगितले पाहिजे. चेंडूला न भेटणारी वेगवान बॅट निरुपयोगी. म्हणून पुस्तिकेचा प्रत्येक आठवडा टीवरच्या आणि समोरून टाकलेल्या चेंडूंनी संपतो. पहिल्या दोन आठवड्यांत वेग वाढताना नेम बिघडतो, त्याने घाबरून जाऊ नये. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दोन्ही जुळू लागतात. जुळले नाहीत, तर वेगाचे फेरे कमी करून नेमाचे वाढवावेत.

ज्या मुलामुलींनी हे व्यायाम आमच्यासोबत करून पाहिले, चुकीचे वाटले तिथे तोंडावर सांगितले आणि वह्या भरल्या, त्यांचे ऋण मोठे आहे. वाचकांकडे एकच मागणे आहे. व्यायाम सुरू करण्याआधी मोजा आणि आठ आठवड्यांनी पुन्हा मोजा. आकडा हलला नाही, तर आधी क्रम पाहा, मग विश्रांती पाहा, मग वजन पाहा आणि व्यायाम बदला. मुलाच्या अंगात वेग नाही असा शिक्का एवढ्यात मारू नका. वेग थोडा जन्माने येतो, पण शाळेच्या वयात शिकवता येण्यासारखा त्याचा भाग बराच मोठा आहे, आणि तो शिकवणे हे आपले, मोठ्यांचे काम आहे.

पद्मनाभपुर, दुर्ग-भिलाई